गोदाकाठची माणसं दोरूच्या काठी

नमस्कार श्रोतेहो.

आम्ही नाशिकची माणसं. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की आमच्याकडे कुणी पाण्याची फूट-इंचात चौकशी करत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला, एवढंच विचारतात. तर अशा गावातलं आमचं जोडपं. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. लेक जर्मनीत असतो, त्याच्याकडे महिनाभर राहायला गेलो होतो. परतायच्या आठवडाभर आधी त्याने विमानाची दोन तिकिटं हातात ठेवली. म्हणाला, "आई, बाबा, तीन दिवस तुम्ही दोघंच फिरून या." तिकिटं पोर्तोची होती. पोर्तुगालमधलं, लिस्बनच्या खालोखाल मोठं शहर.

ह्यांनी रात्रीत यादी केली. चौदा ठिकाणं. मी माझ्या उजव्या गुडघ्याला विचारलं, त्याने उत्तर दिलं नाही.

खोलीच्या जाहिरातीत लिहिलं होतं, स्टेशनपासून पाच मिनिटं. ते खोटं नव्हतं. फक्त ती पाच मिनिटं आडवी नव्हती, उभी होती. पोर्तो हे असंच आहे. दोरू नदीच्या दोन्ही तीरांना टेकड्या, आणि टेकडीला धरून घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिल्यासारखी. काळसर ग्रॅनाइटच्या भिंती, त्यांवर निळ्या-पांढऱ्या फरश्या, वर लाल कौलं आणि गॅलरीत वाळत घातलेले कपडे. नकाशावर बोटभर दिसणारं अंतर प्रत्यक्षात जिन्याने कापायचं असतं. हा जुना भाग १९९६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, पण धुणं अजून तिथेच वाळतं. मला ते फार आवडलं.

पहिल्या दिवशी साँव बेंतू स्टेशन पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, गाडी न पकडता तासभर उभे राहिलो. हे स्टेशन १९१६ साली सुरू झालं. आतल्या दालनाच्या भिंतींवर जॉर्ज कुलासू या चित्रकाराने रंगवलेल्या सुमारे वीस हजार फरश्या आहेत. लढाया, राजाच्या लग्नाची मिरवणूक, द्राक्षांची तोडणी, सगळं निळ्या रंगात. एका मोठ्या चित्रात १४१५ सालची सेउता जिंकल्याची कथा आहे. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे ठाणं. त्या मोहिमेतला राजपुत्र हेन्री याच पोर्तोत जन्मलेला. पुढे पोर्तुगीज जहाजं आफ्रिकेला वळसा घालून आपल्या किनाऱ्यावर आली, त्या सगळ्याची सुरुवात इथे फरशीवर रंगवलेली. स्टेशनात माणसं मात्र त्या चित्रांखालून डबा धरायला धावत होती, दादरला धावतात तशीच.

त्या सेउताच्या मोहिमेवरूनच पोर्तोच्या लोकांना एक टोपणनाव पडलं आहे, 'त्रिपैरू', म्हणजे आतडी खाणारे. आख्यायिका अशी, की चांगलं मांस सगळं आरमाराला दिलं आणि गावाकडे उरली आतडी. त्याचाच पदार्थ आजही ते अभिमानाने रांधतात. आम्ही दोघं शाकाहारी, तेव्हा अभिमान लांबूनच पाहिला.

आणि जेवणावरून आठवलं, श्रोतेहो. माझी खरी सहल फळ्यांवरच झाली. खाणावळीबाहेरच्या फळ्यावर लिहिलेलं असायचं 'प्रातू दू दिया', आजचं ताट. प्रातू, म्हणजे आपली परात! पाव मागायला तर शब्दकोश लागलाच नाही. बटाट्याला 'बटाटा'च म्हणतात. 'काल्दू व्हेर्द' नावाचं हिरवं सूप मिळतं, बटाट्याच्या दाट पाण्यात बारीक चिरलेली पानं. ती पानं 'कोव्ह'ची, त्यावरून आपला कोबी. त्यावर सॉसेजची चकती घालतात, तेवढी नको म्हणून आधीच सांगायचं. खोलीत साबण 'साबाँव'. आणि चावी? ते आज 'शाव्ह' म्हणतात. पण सोळाव्या शतकात त्या शब्दात 'च' होता, आणि वसई-गोव्याकडे तो शब्द तेव्हाच उतरला. त्यांच्या तोंडातला 'च' बहुतेक ठिकाणी गेला, आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यात राहिला. चाळीस वर्षं व्युत्पत्ती शिकवली, पण असा हातात धरलेला शब्द पहिल्यांदाच पाहिला.

हे मात्र आभार मानताना सारखे 'ओब्रिगादा' म्हणायचे. ते बायकांनी म्हणायचं, पुरुषांनी 'ओब्रिगादू'. समोरचा वाढपी हसायचा. मी म्हटलं, "अहो, मराठीत तुम्ही 'मी येते' म्हणाल का?"

आता पुलाकडे येते. तिथे ह्यांचं राज्य होतं. दों लुईश पूल, लोखंडी, दोन मजली, १८८६ सालचा. मधली कमान १७२ मीटरची. खालून वाहनं, वरून मेट्रो, आणि दोन्हीकडून चालणारी माणसं. वरच्या मजल्यावर मेट्रो सावकाश घंटा वाजवत येते, माणसं बाजूला होतात, ती गेली की पुन्हा रुळांवर पसरतात. फिरणारे सगळे सांगतात, हा आयफेलचा पूल. हे तिथेच थांबले आणि मला, शिवाय शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी जोडप्याला, सांगू लागले की नाही, हा तेओफिल सेरिगचा. तो आयफेलचा पूर्वीचा भागीदार. त्याच नदीवर थोडं वर आयफेलच्या कंपनीचा मारिया पिया रेल्वेपूल आहे, १८७७ चा, त्यावरही सेरिगने काम केलेलं. नंतर दोघांचं फाटलं. या पुलासाठी आयफेलनेही अर्ज केला होता, काम मिळालं सेरिगला. नाव मात्र अजून आयफेलचंच घेतलं जातं. खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे का लागलं असेल, ते मी विचारलं नाही.

पुलाच्या पायथ्याजवळ, रिबैराच्या धक्क्यावर, भिंतीत एक काळपट धातूचं शिल्प आहे. त्यापुढे मेणबत्त्या. १८०९ साली २९ मार्चला नेपोलियनचं सैन्य शहरात घुसलं. लोक पलीकडे पळू लागले. तेव्हा नदीवर होता तो नावा जोडून केलेला पूल. तो गर्दीखाली गेला आणि हजारो माणसं बुडाली असं सांगतात. दोनशे वर्षं उलटली तरी तिथे दिवा लागतो. आम्ही चप्पल काढावी की नाही, या विचारात क्षणभर उभे राहिलो. मग नुसते हात जोडले.

जवळच भिंतीवर पुराच्या खुणा आहेत. १९०९ च्या पुरात पाणी पुलाच्या खालच्या मजल्याजवळ पोचलं होतं. हे खुणेपाशी जाऊन उभे राहिले, हात वर केला, पोचला नाही. म्हणाले, "मारुती पूर्ण बुडाला असता."

चढायचा प्रश्न दुसऱ्या दिवशी सुटला. नदीकाठाहून वर जाणारी, दोरखंडाने ओढली जाणारी एक छोटी गाडी आहे. १८९१ मध्ये पहिल्यांदा सुरू झाली, दोनच वर्षांत अपघात होऊन बंद पडली, आणि २००४ साली नव्याने आली. एकशे अकरा वर्षांचा खंड! माझ्या गुडघ्यासाठीच थांबली असावी.

क्लेरिगूशचा मनोरा अठराव्या शतकातला, निकोलाव नासोनी या इटालियन कलावंताने बांधलेला, पंचाहत्तर मीटर उंच. हे सव्वादोनशेच्या आसपास पायऱ्या चढायला गेले. मी समोरच्या बागेत बसले. तिथे सुजलेल्या बुंध्यांची जुनी झाडं आहेत आणि त्यांखाली बाकांवर ब्राँझची माणसं, पोट धरून हसणारी. हुआन मुन्योस या स्पॅनिश शिल्पकाराने २००१ साली केलेली. एक तर हसता हसता बाकावरून मागे पडतोय. कशाला हसतात ते कळत नाही, पण अर्ध्या तासाने मीही हसत होते. हे घामाघूम होऊन खाली आले आणि त्यांना वाटलं मी त्यांनाच हसतेय. तसं नव्हतं, असंही नाही.

संध्याकाळी कॅथेड्रलच्या अंगणात टेकलो आणि घंटा सुरू झाल्या. हे म्हणाले, "नारोशंकराची घंटा." खरंच, आमच्या रामकुंडाजवळच्या देवळात लटकते ती पोर्तुगीज घंटाच. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हाच्या विजयाची खूण. नाशकात मोठ्या आवाजाच्या माणसाला आजही तेच नाव ठेवतात. इतकी वर्षं जिला आपली म्हटलं, तिच्या बहिणी तिथे वाजत होत्या.

पलीकडच्या गाया गावात पोर्ट वाइनची कोठारं आहेत. द्राक्षं वरच्या खोऱ्यातली, रस आंबत असतानाच त्यात ब्रँडी घालतात, म्हणून साखर शिल्लक राहते आणि ती गोड लागते. ज्या लाकडी पिंपात ती मुरते त्याला म्हणतात 'पिपा'. घ्या, आपलं पिंप! वरच्या खोऱ्यातला एक पिपा साडेपाचशे लिटरचा धरतात. पूर्वी हे पिंप सपाट बुडाच्या नावांतून खळाळातून खाली यायचे. आता नदीवर धरणं झाली, पाणी शांत झालं, नावा शोभेला उरल्या. धरणांचा विषय निघाल्यावर आमच्या वाटाड्या मुलीचं बोलणं संपलं आणि ह्यांचं सुरू झालं. मी दोन घोट घेतले. आता रेडिओवर सांगून टाकलंच.

शेवटच्या सकाळी यादीतली सहा ठिकाणं राहिली होती. ह्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि आम्ही नदीकाठची जुनी ट्राम धरली. ती दोरूच्या कडेकडेने जाते, शेवटचा थांबा फोश भागात, जिथे नदी अटलांटिकला मिळते. स्पेनमध्ये उगम पावून नऊशेएक किलोमीटर आलेली नदी शेवटी एका दीपगृहाजवळ लाटांत शिरते. आम्ही कठड्याशी उभे. आमची गोदावरी त्र्यंबकला जन्मते, नाशकात ती अजून लहान असते, आणि जवळचा समुद्र सोडून ती उलटी पूर्वेला निघून जाते. जन्मभर तिच्या काठावर राहिलो, पण ती समुद्राला मिळते ते ठिकाण दोघांनीही पाहिलेलं नाही.

परतीच्या ट्राममध्ये ह्यांनी तोच यादीचा कागद काढला, उलटा केला, आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं : राजमहेंद्री, गोदेच्या मुखाकडे. नाशिकरोडहून गाडी पाहणे.

नमस्कार.