खाडा पडल्यावर काय करायचं?

(साताऱ्यात स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

स्वतःला सुधारायचं म्हटलं की पहिला सल्ला कानावर येतो तो २१ दिवसांचा. सलग एकवीस दिवस करा, सवय लागते, पुढे काही बघायला नको. इथे बसलेल्या बऱ्याच जणांनी हे ऐकलं असेल. आणि बाविसाव्या दिवशी पहाटेचा गजर बंद करून पुन्हा झोपल्यावर दोष आपल्यातच आहे असं मानलंही असेल. म्हणून आधी हा आकडा आला कुठून ते सांगते. अमेरिकेतल्या एका प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णाला निदान २१ दिवस लागतात. पुढे सांगोवांगी रुग्ण मागे राहिले, चेहरा मागे राहिला, आणि आकडा मात्र पहाटे उठण्यापासून इंग्रजी बोलण्यापर्यंत सगळ्याला चिकटला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना घेऊन ही गोष्ट नीट तपासली. त्यांचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येकाने एकच नवी गोष्ट निवडायची, म्हणजे दुपारच्या जेवणासोबत एक फळ खाणं किंवा रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं धावणं, आणि ती १२ आठवडे रोज करायची. ती विचार न करता आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं. पण माणसामाणसात फरक प्रचंड होता. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाचा हिशोब २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारख्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि या अभ्यासातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी की एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

आज मला याच चुकलेल्या दिवसाबद्दल बोलायचं आहे.

आपल्याकडचं वर्ष बघा कसं असतं. जानेवारीत हवा छान, अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला पहाटे चालणाऱ्यांची रांग. मग गावोगावच्या यात्रा सुरू होतात. त्यांच्या मागोमाग लग्नसराई. जूनच्या मध्यापासून पाऊस, आणि जुलैत तर यवतेश्वरचा डोंगर दिवसेंदिवस ढगातून बाहेर येत नाही. श्रावणातले उपवास, गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी. दिवाळी सरते न सरते तोवर ऊसतोडीची टोळी शेतावर आलेली असते आणि घरातल्या पोराला उसाबरोबर कारखान्यावर जावं लागतं. यात आजारपणं धरलेली नाहीत. आता अशा वर्षात जर कोणी ठरवलं की मी ३६५ दिवस पहाटे पाचला उठून दोन तास अभ्यास करणार, तर ते मोडणारच. त्यात त्या मुलाचं मन कच्चं नसतं, मुळात आखणीच या मातीतली नसते. बारा महिने सारखं हवामान आणि घरात दुसरं कोणी नाही, असं गृहीत धरून लिहिलेली वेळापत्रकं आपण आपल्या भिंतीवर चिकटवतो.

ही वेळापत्रकं मी रोज बघते. अभ्यासिका चालवते ना. मुलं जागा सोडून जातात तेव्हा टेबलाच्या खणात वह्या राहतात, त्या परत करायच्या म्हणून मी उघडून नाव बघते. परवाच एक वही होती. पहिल्या पानावर पट्टीने आखलेले रकाने, चार रंगांचे स्केचपेन. पहाटे ४.३० उठणे, प्राणायाम. ५ ते ७ राज्यघटना. ७ ते ८ ग्राउंड. पुढे रात्री साडेदहापर्यंत एकही चौकोन रिकामा नाही, आंघोळीलासुद्धा पंधरा मिनिटांचा वेगळा रकाना. रोजच्या बरोबरच्या खुणा हिरव्या. त्या राखी पौर्णिमेपर्यंत आल्या होत्या. त्या दिवशी बहिणीकडे गेला असणार. दुसऱ्या दिवशी दोन खुणा, तिसऱ्या दिवशी काही नाही, आणि त्यापुढे वही कोरी. आत्ता तो मुलगा नव्या वहीत पुन्हा पहिल्या पानावर रकाने आखतोय. त्या रकान्यांमागे किती आशा आहे हे मला दिसतं, म्हणूनच जीव तुटतो. कारण त्याचं घोडं अभ्यासात पेंड खात नाही. राखी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी काय करायचं, हे त्याला कोणी शिकवलेलंच नाही.

मोडलेल्या दिवसानंतर मन कसं चालतं, याचा एक जुना प्रयोग आहे, १९७५ सालचा, हर्मन आणि मॅक या अमेरिकेतल्या दोन संशोधकांचा. काही जणांना आधी मिल्कशेक दिला आणि नंतर चव सांगण्याच्या निमित्ताने समोर आइस्क्रीम ठेवलं, हवं तेवढं खा म्हणून. जे एरवी खाण्यावर बंधन घालत नाहीत, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं होतं, सरळ आहे. पण जे डाएट करणारे होते, ते मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त आइस्क्रीम खाऊन गेले. आजचा नियम मोडलाच आहे, मग आता राखायचं काय?

हे आपल्या घरात रोज घडतं. डॉक्टरांनी गोड बंद केलेलं असतं. पाहुणे राजवाड्यावरून कंदी पेढे घेऊन येतात, आग्रह होतो, एक पेढा जातो. त्या एका पेढ्याने शरीराचं फार बिघडत नाही. पण ‘आता मोडलंच’ म्हणून संध्याकाळपर्यंत अर्धा पुडा संपतो, आणि मग ‘सोमवारपासून कडक’ असं ठरतं. नुकसान त्या अर्ध्या पुड्याने आणि सोमवारपर्यंतच्या मोकळ्या दिवसांनी होतं.

सोमवार, एक तारीख, पाडवा, वाढदिवस. अशा दिवशी माणसाला नवी सुरुवात करावीशी वाटते, आणि त्यात वाईट काही नाही. आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला व्यायामशाळेतली हजेरी वाढते, हे अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. त्या उमेदीचा उपयोग जरूर करावा. पण बुधवारी खंड पडला आणि तुम्ही सोमवारची वाट बघत बसलात, तर चार दिवस गेले. आणि दर वेळी पाटी कोरी करायची सवय लागली की माणूस कायम पहिल्याच पानावर राहतो. राज्यघटनेची प्रस्तावना आणि मूलभूत हक्क तोंडपाठ, आणि पंचायत राज एकदाही न वाचलेलं, अशी कितीतरी मुलं माझ्यासमोर आहेत. दर वेळी सुरुवातीपासून सुरू केल्याचा हा परिणाम.

आपल्या आया-बहिणी दुधाचा हिशोब कसा ठेवतात ते आठवा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या दुधाची नोंद कोणी करत नाही. ज्या दिवशी दूध आलं नाही त्या तारखेवर खाडा मांडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध येतं, पातेलं पुढे होतं. खाडा पडला म्हणून कोणी दूधवाला बदलत नाही की नवं कॅलेंडर आणत नाही. महिन्याच्या शेवटी खाडे मोजून पैसे दिले की झालं. अभ्यासाचा, व्यायामाचा हिशोब असा ठेवून बघा. हिरव्या खुणांची साखळी नको, कारण साखळी तुटली की मन तुटतं. फक्त खाडे मांडा. आणि खाड्यापुढे एका ओळीत कारण लिहा. त्या कारणाकडे मी शेवटी येते.

आता दुसरी गोष्ट, वाईट दिवसासाठीचं छोटं रूप. आपण ठरवतो ते चांगल्या दिवसासाठी ठरवतो, आणि नेमकं वाईट दिवशी विचार करायची ताकद नसते. म्हणून ते आधीच ठरलेलं हवं. मुसळधार पाऊस असेल तर अजिंक्यतारा नाही, घरच्या जिन्यात दहा मिनिटं. लग्नघरी असेन तर दोन तास नाही, रात्री आडवं होण्याआधी चालू घडामोडींचे दहा प्रश्न. ताप असेल तर काहीच नाही, झोप. हो, झोपसुद्धा ठरलेली असू दे. रात्री चारच तास झोप घेऊन केलेला अभ्यास सकाळी डोक्यात राहत नाही, हे मी टेबलावर डोकं टेकलेल्या मुलांकडे बघून रोज सांगू शकते.

छोटं रूप म्हणजे पळवाट, असं पालकांना वाटतं. तसं नाही. ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ असं जागा-वेळेसकट ठरवण्यात मोठी ताकद आहे. ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांवरचा २००२ सालचा एक अभ्यास आहे. पुढच्या आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटं व्यायाम करायचा, एवढंच होतं. एका गटाला नुसतं विचारलं, एका गटाला व्यायामाचे हृदयाला होणारे फायदे वाचायला दिले, आणि तिसऱ्या गटाला ते वाचायला देऊन शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे करणार ते लिहायला लावलं. पहिल्या गटात ३८ टक्के लोकांनी व्यायाम केला. फायदे वाचलेल्यांत ३५ टक्के. दिवस, वेळ, जागा लिहिलेल्यांत ९१ टक्के. मोबाइलवर प्रेरणादायी भाषणं ऐकण्यात जे तास जातात, त्यांच्याबद्दल हे आकडे बरंच काही सांगतात. ऐकताना अंगावर काटा येतो, काहीतरी केल्यासारखं वाटतं, पण उद्या सकाळी किती वाजता आणि कुठे, हे तसंच राहिलेलं असतं.

आता खंडानंतर परत उभं राहायचं म्हणजे तेच ते पुन्हा करायचं का? इथे मला आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचं नाव घेऊ द्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकला गेले तेव्हा त्यांची कुस्ती लाल मातीतली. तिथे मॅट, तिथले नियम वेगळे. तरी सहावे आले. पुढची चार वर्षं त्यांनी कसून मेहनत केली, वरच्या वजनगटात उतरले, आणि १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आपण गोष्ट सांगताना मेहनतीवर थांबतो. पण लंडनला काय कमी पडलं हे त्यांना तिथे प्रत्यक्ष कळलं होतं, हे मला तितकंच मोठं वाटतं. मातीत कितीही घाम गाळला तरी परीक्षा मॅटवर होती.

अभ्यासिकेत माती कोणती आणि मॅट कोणतं? वाचणं ही माती. तेच पुस्तक चौथ्यांदा वाचायचं, पिवळ्या मार्करवर गुलाबी मार्कर मारायचा. परीक्षा मात्र आठवण्याची असते. अमेरिकेत २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणून तर फसगत होते, वाचल्या वाचल्या सगळं येतंय असं वाटतं. खंडानंतर परत बसाल तेव्हा पुस्तक उघडण्याआधी कोरा कागद घ्या आणि मागचं काय आठवतं ते लिहा. कुठे अडलं ते वाचा. पहिल्या पानावर परत जायची गरजच उरत नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनाही हेच सांगेन. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळा, यातलं जे येतं तेच रोज करण्यात सकाळ जाते, आणि गोळ्याला हात लागत नाही.

एकट्याने हे जड जातं, तेही सांगायला हवं. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९२४ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, हातांनी कामं करून शिकायची. त्या शिक्षणाच्या यशाची कारणं अनेक आहेत, पण एक मला नक्की वाटतं. कोणी उठला नाही तर शेजारच्या अंथरुणावरच्याला ते कळत होतं. तुमचा खाडा कोणाच्या तरी लक्षात येऊ दे. एक मैत्रीण, एक मित्र पुरे. स्टेटसवर संकल्प टाकून जे मिळतं ते वेगळं. तिथे आधीच शाबासकी मिळून जाते.

आता खाड्यापुढे लिहिलेल्या कारणाबद्दल. अभ्यासिकेतल्या एका मुलीने महिनाभर अशी नोंद ठेवली. तिला वाटत होतं आपण आळशी आहोत. घरचेही तेच म्हणायचे. महिन्याच्या शेवटी आम्ही दोघींनी कॅलेंडर पुढ्यात घेतलं. कारणं अशी होती: पाहुणे. पाहुणे. आजीला दवाखान्यात नेलं. काकूंकडे हळदीकुंकू, भांडी. पाहुणे. एका खाड्यापुढे ‘कंटाळा’ होतं, एकाच. तिचा भाऊ त्याच घरात, त्याच परीक्षेची तयारी करत होता. त्याच्या कॅलेंडरवर ‘पाहुणे’ हे कारण कुठेच नव्हतं.

या मुलीला शिस्तीचं पुस्तक देऊन काय होणार? तिला पाहुण्यांच्या दिवशी स्वयंपाकघरातून उठायची मुभा हवी होती. आम्ही तिच्या आईशी बोललो. पाहुणे आले की चहा आई आणि भाऊ बघतील, आणि ती नऊ ते अकरा अभ्यासिकेत येईल, एवढं ठरलं. ती आता येते. उशिरा येते कधीकधी, पण येते.

म्हणून पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मुलाचं, मुलीचं मन लागत नाही असं म्हणण्याआधी एक महिना खाडे आणि त्यांची कारणं लिहून घ्या, आणि महिन्याच्या शेवटी तिघांनी मिळून बघा. जी कारणं तुमच्या हातातली आहेत, टीव्हीचा आवाज, निरोप पोहोचवायला उठवणं, लग्नाला यायलाच पाहिजे हा हट्ट, ती तुम्ही काढा. उरलेली मुलं बघतील. वहीची सुरुवात उद्याच्याच तारखेपासून करा, उद्या गुरुवार आहे.

आता तुमचे प्रश्न घेते.