एमएस आणि रक्ताच्या रिपोर्टमधला ठळक आकडा

नमस्कार श्रोतेहो.

हल्ली रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर येऊन पडतो. डॉक्टरांच्या आधी पेशंटच तो उघडतो आणि नजर जाते ती ठळक छापलेल्या आकड्यावर. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर उलटते तो आजार. तो असलेल्या माणसाच्या मनात लगेच येतं, आजार वाढला की काय?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणून आधी हे सांगून टाकते. एमएस नेहमीच्या रक्ततपासणीत दिसत नाही. तो कितपत जागा आहे ते कळतं एमआरआयवरून आणि न्यूरॉलॉजिस्ट तुम्हाला तपासतात, चालवून बघतात त्यावरून. निदानाच्या वेळी बी-१२, थायरॉइड, एएनए, एचआयव्ही असं भरपूर रक्त काढलं होतं ना? ते 'दुसरं काही नाही ना' हे बघायला. त्यामुळे आता सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, काही खालीवर झालं, तर आधी विचार औषधाचा करायचा.

उदाहरणार्थ लिम्फोसाइट, पांढऱ्या पेशींमधला एक प्रकार. एमएसवरची फिंगोलिमॉड ही गोळी या पेशींना लिम्फच्या गाठींमध्येच अडवून ठेवते. रक्तातला त्यांचा आकडा पूर्वीच्या २० ते ३० टक्क्यांवर येतो. गोळीचं कामच ते, पण लॅबच्या मशीनला तुमची गोळी ठाऊक नसते. ते दर वेळी 'कमी' असंच छापणार. नॅटॅलिझुमॅब या दुसऱ्या औषधाचं उलटं. ते या पेशींना रक्तातून मेंदूत शिरू देत नाही, म्हणून रक्तात त्या वाढलेल्या दिसतात. आजार एकच, एकाचा आकडा कमी, दुसऱ्याचा जास्त, आणि दोघांचंही ठीक चाललेलं असू शकतं.

डायमिथाइल फ्युमरेट हे एमएसचं औषध घेणाऱ्यांनी मात्र हा आकडा सोडून देऊ नये. लिम्फोसाइट ५०० च्या खाली गेले आणि सहा महिने तिथेच राहिले, तर डॉक्टर औषध थांबवण्याचा विचार करतात. कारण पीएमएल नावाचा मेंदूचा एक विषाणूसंसर्ग. दुर्मीळ आहे, पण झाला तर फार वाईट.

आता एक हिशेब. कागद-पेन्सिल असेल तर घ्याच. रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट पुष्कळदा टक्क्यांत असतात. समजा एकूण पांढऱ्या पेशी ३,६०० आणि लिम्फोसाइट १४ टक्के. गुणाकार केला की येतात ५०४, अगदी काठावर. दुसऱ्या एकाचेही १४ टक्केच, पण एकूण पेशी ११,०००. त्याचे होतात १,५४०. त्याला नुकतंच स्टेरॉइडचं सलाइन लावलं होतं, त्याने न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार, वाढले आणि टक्केवारी खाली दिसली. त्याच सलाइनने साखरही चढते. तेव्हा टक्के बाजूला ठेवा, प्रत्यक्ष आकडा बघा, आणि मागच्या दोन-तीन रिपोर्टच्या शेजारी ठेवून बघा. शक्यतो लॅब एकच ठेवा.

लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारं एसजीपीटीही असंच. टेरिफ्लुनोमाइड ही एमएसची गोळी सुरू केल्यावर पहिले सहा महिने ते दर महिन्याला तपासतात. वरची मर्यादा ४० असताना ५२ आलं, तर बहुधा परत तपासायला सांगतील; तिपटीच्या वर गेलं तर गोष्ट वेगळी. आणि काढे घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. करोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या लिव्हरला सूज आल्याची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी केली आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःवर उलटलेली, त्यांनी ती आणखी 'वाढवायला' का जावं, हे मला कळत नाही.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेताय? जास्त डोसचं बायोटिन काही लॅबमधल्या थायरॉइड तपासणीत गडबड करतं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं हार्मोन, खोटंच कमी दिसतं, आणि थायरॉइड वाढल्याचं नसतं निदान पदरी पडतं. रक्त देण्याआधी लॅबमध्ये सांगा.

स्वस्तातल्या फुल बॉडी पॅकेजबद्दलही थोडं. नॉर्मलची मर्यादा अशी आखतात की धडधाकट माणसांतलाही विसातला एक तिच्या बाहेर पडतो. साठ तपासण्या केल्यात, तर दोन-तीन आकडे ठळक यायचेच.

थांबायचं नाही ते कधी? डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, ताप उतरेना, बोलण्यात, नजरेत किंवा वागण्यात नवा बदल दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. औषधाचं नाव, ते कधी सुरू केलं आणि मागचे आकडे हाताशी ठेवा. पण रिपोर्ट बघून घाबरून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. फिंगोलिमॉड एकदम सोडल्यावर काहींना एमएसचे आधीपेक्षा जोरदार अटॅक आलेले आहेत. ते थांबवायचंच असेल, तर त्यानंतर कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टर आधी ठरवतात.

नमस्कार.