भंगारातली लिबरेटर आणि लोहगावचं आकाश

नमस्कार मंडळी. जुन्या लढाऊ विमानांवर कोणी बोलायला उभं राहिलं की श्रोत्यांना धास्ती वाटते, आता हा माणूस वेग, उंची, तोफांचा व्यास असं सगळं पाठ म्हणून दाखवणार. मी वासापासून सुरुवात करतो.

इंग्लंडमध्ये बेडफर्डशायरात ओल्ड वॉर्डन नावाचं खेडं आहे. तिथल्या गवताच्या धावपट्टीवरून शटलवर्थ कलेक्शनचे लोक पहिल्या महायुद्धातली, त्याहीआधीची विमानं अजून उडवतात. त्यांच्याकडे 1909 सालचं एक ब्लेरिओ आहे, मूळ इंजिनासकट. संध्याकाळी वारा अगदी पडला तरच ते बाहेर काढतात, आणि बाहेर काढून करतं काय, तर गवतावरून टुणकन एक उडी मारतं आणि पुन्हा बसतं. तेवढ्यासाठी शेकडो माणसं दुपारपासून वाऱ्याकडे डोळे लावून बसलेली असतात. त्या काळच्या पुष्कळ विमानांना रोटरी इंजिन असे. त्यात मधला दांडा स्थिर आणि सगळे सिलिंडर पंख्याबरोबर गरगर फिरणारे. अशा इंजिनाला वंगण म्हणून एरंडेल लागायचं, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. काम झालेलं तेल आत राहत नाही, मागे उडतं, आणि मागे वैमानिक बसलेला असतो. रविवारी सकाळी नाक दाबून एरंडेल घेतलेली बरीच मंडळी इथं दिसतात, तेव्हा त्या वैमानिकांचं पुढं काय होत असेल ते मी सांगत बसत नाही.

हा वास फोटोत येत नाही आणि मोबाइलवरच्या चित्रफितीतही येत नाही. म्हणून जाऊन पाहायचं. पण आज मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. जुनी विमानं जपणं हा श्रीमंत देशांचा शौक, असं आपण धरून चालतो. पैसा त्यांचा, हे खरं. पण जपायला विमानं उरली ती कोणामुळं? बऱ्याच वेळा आपल्यामुळं. आपण काही इतिहासप्रेमानं उसासे टाकत होतो असं नाही. नवीन घ्यायला पैसे नव्हते, म्हणून जुनं चालवत राहिलो.

लिबरेटरचं उदाहरण घ्या. कन्सॉलिडेटेड बी-24 लिबरेटर, चार इंजिनांचं अमेरिकी बॉम्बर. युद्धात अशी अठरा हजारांवर विमानं बनली. त्यातली बरीच अमेरिकेनं ब्रिटिशांना उसनवारीनं दिली होती. 1945 मध्ये युद्ध संपलं आणि उसनवारीची अट पुढं आली: परत करा, नाहीतर निकामी करा. भारतातली ब्रिटिशांची लिबरेटर कानपूरला चकेरीच्या विमानतळावर गोळा झाली आणि तिथं ती रीतसर मोडायला काढली. इंजिनात वाळू ओतली, उपकरणांवर घाव घातले. पुन्हा कोणाला उडवता येऊ नयेत इतकी नासधूस केली आणि साहेब निघून गेले.

दोन-अडीच वर्षांत स्वतंत्र भारताच्या वायुसेनेला लांब पल्ल्याचं बॉम्बर हवं होतं. तिजोरीत खडखडाट. मग हिंदुस्थान एअरक्राफ्टची माणसं, म्हणजे आजच्या एचएएलचे पूर्वज, त्या मोडक्या ढिगात शिरली. याचा पंखा, त्याचं चाक, तिसऱ्याचं इंजिन, असं करत एकेक विमान उभं केलं. गॅरेजमध्ये दोन स्कूटरींची एक करणारा मिस्त्री सगळ्यांनी पाहिलाय. इथं तेच, फक्त नगाला चार-चार इंजिनं. जमशेद मुन्शी या कंपनीच्या वैमानिकानं ही डागडुजी केलेली धुडं कानपूरहून बंगळूरला उडवत नेली आणि तिथं त्यांची नीट दुरुस्ती झाली. चाळीसच्या आसपास लिबरेटर अशी परत उभी राहिली. 1948 मध्ये वायुसेनेची पहिली लिबरेटर तुकडी बनली.

आता पुण्याकडे येतो. 1951 मध्ये वायुसेनेची सहावी स्क्वाड्रन, म्हणजे तुकडी, नव्यानं उभी राहिली, तिला हीच विमानं मिळाली आणि तिचा मुक्काम लोहगावला होता. काम समुद्रावर टेहळणीचं. सभागृहात पंच्याहत्तरीच्या पुढचं आणि येरवड्या-विमाननगरच्या बाजूला वाढलेलं कोणी असेल, तर त्यांनी लहानपणी मान वर करून जी जाडजूड, दोन शेपट्यांची विमानं पाहिली ती हीच. अमेरिकेनं आपली लिबरेटर केव्हाच भंगारात घालून वितळवली होती, तेव्हा पुण्यावरून ती रोज जात होती. 1968 च्या अखेरीला ती निवृत्त झाली.

आणि मग जगाला जाग आली. संग्रहालयांना लिबरेटर हवं होतं, पण शिल्लक कुठं? भारतात. एक कॅनडाला गेलं. एक 1969 मध्ये ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयासाठी गेलं. रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयातलं 1974 मध्ये इथून उडत इंग्लंडला पोचलं. ज्यांनी इंजिनात वाळू ओतली, त्यांच्याच घरी ते आज मानानं उभं आहे! स्पिटफायर आणि टेम्पेस्ट या ब्रिटिश लढाऊ विमानांचीही गत तीच. सत्तरच्या दशकाच्या शेवटी परदेशी संग्राहक आपल्या विमानतळांच्या कोपऱ्यांतून ती शोधून घेऊन गेले.

एक लिबरेटर निवृत्तीनंतर तेरा वर्षं इथं ऊनपाऊस खात पडून होतं. 1981 मध्ये ते एका ब्रिटिश संग्राहकानं घेतलं, 1984 मध्ये अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशननं त्याच्याकडून घेतलं आणि 1989 मध्ये ते पुन्हा उडालं. नंतर ते गावोगाव फिरायचं, 'विचक्राफ्ट' नावानं. तेव्हा मी भाच्याकडे गेलो होतो आणि रांगेत उभं राहून त्याच्या पोटात शिरलो. बॉम्बच्या कप्प्याची दारं आपल्या दुकानाच्या शटरसारखी गुंडाळत वर जातात. मधून चालायला वीतभर रुंदीची पट्टी. माझ्यासारख्या माणसानं श्वास आत ओढूनच जावं. बाहेर आल्यावर तिथल्या एका वयस्कर स्वयंसेवकाला मी म्हटलं, याची भावंडं आमच्या गावावरून जायची. त्यानं मला रांगेशिवाय दुसऱ्यांदा आत सोडलं.

आता एक कटू गोष्ट. 2 ऑक्टोबर 2019 ला कॉलिंग्जच्याच ताफ्यातलं एक बी-17 बॉम्बर कनेटिकटमध्ये प्रवाशांसह कोसळलं आणि सात माणसं गेली. 2022 च्या नोव्हेंबरात डॅलसच्या कसरतींमध्ये दोन जुनी विमानं हवेत आदळली, सहा माणसं गेली. तेव्हापासून वाद पेटलाय: उडवावीत की छपराखाली ठेवावीत? माझं मत विचाराल तर सरसकट उत्तर नको. ज्या जातीची डझनभर शिल्लक आहेत त्यातली दोन-चार उडावीत, पण फुकटची हौस म्हणून माणसं भरून नव्हे. दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात एक वापिटी आहे. 1 एप्रिल 1933 ला आपली पहिली स्क्वाड्रन कराचीत उभी राहिली ती चार वापिटींवर, आणि त्या जातीचं जगात उरलेलं हे एकमेव विमान. ते कोणी उडवतो म्हणाला तर मी दारात आडवा पडेन.

उडणारं जुनं विमान पाहायला परदेशीच जायला हवं असंही नाही. वायुसेनेनं 2012 मध्ये टायगर मॉथ हे जुनं शिकाऊ विमान पुन्हा हवेत नेलं, नंतर हार्वर्ड, तेही शिकाऊच, आणि 2018 मध्ये डाकोटा हे मालवाहू विमान आलं. त्याचं नाव परशुराम. 27 ऑक्टोबर 1947 ला शिखांची पलटण घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा व्हीपी 905 हा क्रमांक त्याला दिलाय. ते जवळ दिसलं तर सुरू होताना पाहा. आधी माणसं पंखा हातानं फिरवतात, पाती मोजत. उगाच नव्हे, याच्या इंजिनात सिलिंडर वर्तुळात मांडलेले असतात, खालच्या सिलिंडरांत तेल साचतं, ते तसंच राहिलं आणि इंजिन चालू केलं तर पिस्टनचा दांडा वाकतो. मग खोकला, निळसर धुराचा लोट, आणि एकेक सिलिंडर जागं होत आवाज जुळून येतो. इंजिनाखाली तेलाचा ट्रे दिसला तर घाबरू नका. गळत असेल तर आत तेल आहे एवढंच समजायचं. ही चौदा सिलिंडरची ट्विन वॉस्प इंजिनं. डाकोटाला दोन, लिबरेटरला चार. लोहगावचा तो जुना आवाज अर्धा का होईना, इथंच ऐकता येतो.

लिबरेटर जाण्याआधीच सहाव्या स्क्वाड्रनकडे सुपर कॉन्स्टेलेशन ही चार इंजिनांची प्रवासी विमानं आली होती, एअर इंडियाची वापरलेली. पुन्हा काटकसरच! 1976 मध्ये ती नौदलाला दिली. त्यातलं एक आज गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळोच्या वाटेवर, नौदलाच्या विमान संग्रहालयात उभं आहे. एअर इंडियात असताना त्याचं नाव 'रानी ऑफ एलोरा', म्हणजे आपली वेरूळची राणी. 18 डिसेंबर 1961 ला पुण्याहून गेलेल्या आपल्या कॅनबेरा बॉम्बरांनी याच दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले होते आणि तिथं अडकलेलं पोर्तुगीजांचं कॉन्स्टेलेशन जातीचं विमान त्याच रात्री खड्डे चुकवत निसटलं होतं.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आलीय: मुलांना घेऊन कुठं जावं? गोव्यालाच जा. मुंबईत जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावर जा असं एकेकाळी सांगितलं असतं, पण ते जहाज 2014 मध्ये दारूखान्यात तोडलं गेलं. बोगमाळोला सकाळी लवकर जा, विमानं उघड्यावर आहेत आणि पत्रा तापतो. सुपर कॉन्स्टेलेशनच्या पंखाखाली भरपूर सावली असते. तिथं बसून डबा खाता येईल का, ते मात्र दारावरच्या जवानाला विचारून घ्या.