हाक आणि ओ
(निवेदन)

(दृश्य: जांभ्याची भिंत, पागोळ्या. भिंतीवरून एक काळी केबल खिडकीत शिरते.)

रत्नागिरी जिल्ह्यातली ही शाळा. भिंती जांभ्याच्या, दीड हात जाड. जुन्या इमारतीतलं वाय-फाय नव्या इमारतीपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून मधल्या मैदानावरून ही केबल नेली आहे. अशी केबल शंभर मीटरपर्यंत चालते, ही ऐंशी मीटर आहे.

नव्या इमारतीत ग्रंथालय आहे. तिथून आठवड्यात तीन-चारदा तरी निरोप येतो, "सर, नेट गेलं."

गेलं म्हणजे कुठे गेलं? राउटर बंद पडला, केबल निघाली, की रस्त्यावरची फायबर तुटली? कोणालाच सांगता येत नाही. मग राउटर बंद करून पुन्हा चालू करायचा, पुरवठादाराला फोन लावायचा आणि वाट बघायची. कितीतरी शाळा, वाचनालयं, पतसंस्था आज हेच करताहेत. आपल्याच भिंतीवरच्या तारांमध्ये काय चाललंय हे त्यांना दिसत नाही. ते दिसायला हवं, आणि त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. शाळेच्या संगणक कक्षात आम्ही ते कसं केलं, ते बघू या.

(दृश्य: मुलीच्या तळहातावर हिरवा बोर्ड.)

हा रास्पबेरी पाय फोर, एकाच बोर्डावर मावलेला संगणक. ८५ मिलिमीटर लांब, ५६ मिलिमीटर रुंद. एटीएम कार्डावर ठेवला तर कार्ड जवळजवळ पुरतं झाकलं जातं. शिकणाऱ्या मुलांना परवडेल असा संगणक हवा, या विचाराने एबेन अप्टन आणि केंब्रिजमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिला पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आणला. इथे दोन जीबी मेमरीचा बोर्ड घेतलाय. त्याला पंखा नाही, आवाज नाही. वीज इतकी कमी लागते की राउटरच्याच छोट्या यूपीएसवर तो चालतो. लाईट गेल्यावरही नजर ठेवणारा जागा राहिला पाहिजे, म्हणून तो तिथेच जोडायचा.

(दृश्य: लॅपटॉप, मेमरी कार्ड, पुढे सरकणारी पट्टी.)

बोटाच्या नखाएवढं हे मायक्रो एसडी कार्ड. यावर रास्पबेरी पाय ओएसची, म्हणजे पाय चालवणाऱ्या मूळ प्रणालीची, लाइट आवृत्ती उतरवली जातेय. तिच्यात चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत, काळ्या पडद्यावरची अक्षरं तेवढी आहेत. कार्ड लिहिण्याआधीच यंत्राचं नाव, पासवर्ड आणि दुरून आत शिरायची सोय, म्हणजे एसएसएच, हे सगळं भरून ठेवता येतं. नाव काय ठेवायचं, हे मुलांवर सोपवलं. कोकणातल्या मुलांनी दुसरं काय ठेवायचं? राखणदार.

कार्ड आत गेलं. लाल दिवा म्हणजे वीज आली. हा हिरवा लुकलुकतोय, म्हणजे कार्ड वाचलं जातंय.

आता केबल. पायमध्ये वाय-फाय आहे, तरी इथे ते वापरायचं नाही. ज्या वाय-फायवर नजर ठेवायची, त्याच्याच भरवशावर राखणदार बसला तर ते पडताच तोही आंधळा होईल. आणि याचा आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातला पत्ता, राउटरमध्ये कायमचा बांधून घ्यायचा.

(दृश्य: काळा पडदा, वर सरकणाऱ्या ओळी.)

आता जाळ्यावर नजर ठेवणारा प्रोग्राम, नागिओस, पायवर बसवला जातोय. इथन गॅलस्टॅड यांनी १९९९ मध्ये नेटसेंट या नावाने हा प्रोग्राम प्रसिद्ध केला, पुढे त्याचा नागिओस झाला. मुक्तस्रोत आहे, फुकट आहे. एका आज्ञेत उतरतो. थोडा वेळ लागतो, लागू द्यावा.

नागिओसचं मूळ काम हाक मारण्याचं. या हाकेला पिंग म्हणतात. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये पिंग लिहिला. पाण्याखाली आवाज सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी हुडकायची, त्या आवाजावरून हे नाव आलं. आपल्याला त्यासाठी समुद्रात जायला नको. अंगणातून हाक मारली आणि घरातून ओ आली, म्हणजे माणूस आत आहे. ओ किती वेळाने आली, तेही मोजलं जातं. इथे लिहिलंय की शंभर मिलिसेकंदांहून उशीर झाला किंवा शंभरातल्या वीस हाका वाया गेल्या तर सावध करायचं, आणि पाचशे मिलिसेकंद किंवा साठ हाका झाल्या तर धोका.

एक गोष्ट खरेदीआधी लक्षात ठेवा. स्विच म्हणजे एका केबलवरचं नेट अनेक यंत्रांना वाटून देणारा डबा. साधा स्वस्त स्विच हाकेला ओ देत नाही, कारण त्याला स्वतःचा पत्ताच नसतो. नव्या इमारतीत मॅनेज्ड, म्हणजे स्वतःचा पत्ता असलेला, स्विच आहे, म्हणून पुढचं सगळं जमलं.

(दृश्य: फळा. दोन मुली खडूने चौकोन आणि रेघा काढताहेत.)

कामाचा गाभा या फळ्यावर आहे. मुली जाळ्याची वंशावळ मांडताहेत. सगळ्यात वर राखणदार. त्याच्याखाली जुन्या इमारतीतला स्विच. त्या स्विचला दोन फांद्या. एक राउटरकडे आणि तिथून बाहेरच्या जगाकडे. दुसरी मैदान ओलांडून नव्या इमारतीतल्या स्विचकडे, आणि त्याच्याखाली ग्रंथालयाचा संगणक, प्रिंटर, वाय-फायचे दोन डबे.

नागिओसच्या फाइलमध्ये प्रत्येक यंत्रापुढे पेरेंट्स अशी एक ओळ लिहिता येते. या यंत्राच्या वर कोण आहे, ते तिथे सांगायचं. ही ओळ नसली तर नव्या इमारतीतला स्विच पडल्यावर पाच बोंबा उठतात: स्विच गेला, संगणक गेला, प्रिंटर गेला, दोन्ही डबे गेले. ओळ असली की नागिओस आधी वरच्याला हाक मारून बघतो. तोच गप्प असेल, तर त्याच्यापुढे डाऊन लिहितो आणि खालच्या चौघांपुढे अनरीचेबल, म्हणजे त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही. घराचं दार लावलेलं असलं तर आतली माणसं आजारी आहेत असं कोणी म्हणत नाही. एवढी एक ओळ, पण "नेट गेलं" आणि "नेट इथे तुटलं" यातला सगळा फरक तिच्यात आहे. बहुतेक लोक ती लिहितच नाहीत. कृपा करून लिहा.

(दृश्य: पडद्यावर तपासणीचा निकाल. मुलगी बोट ठेवून वाचते.)

फाइल तपासून घ्यायची. पहिल्या वेळी नऊ चुका निघाल्या, बहुतेक कंसाच्या. आता बघा: वॉर्निंग शून्य, एरर शून्य.

(दृश्य: बोर्डच्या पिनांवर बसवलेला छोटा निळा तुकडा, त्यात बटण सेल.)

हे घड्याळ. पाय फोरमध्ये स्वतःचं घड्याळ नसतं, तो वेळ इंटरनेटवरून घेतो. लाईट गेली, परत आली आणि नेट मात्र आलं नाही, तर तो शेवटची आठवणीतली वेळ धरून पुढे चालू लागतो आणि नोंदी चुकतात. चुकीच्या वेळेची नोंद कोणाला दाखवणार? म्हणून सेलवर चालणारं हे डीएस३२३१ घड्याळ. चाळीस पिनांच्या एका कोपऱ्यात बसतं.

त्याच पिनांमधून ही तार शिक्षक-खोलीत गेली आहे, लाल दिव्याकडे. नेट गेल्याचा ईमेल नेटवरूनच जायचा असेल, तर तो निघणार कसा? दिव्याला नेट लागत नाही. दिव्याच्या मार्गात ३३० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे वीज आवरून धरणारा तुकडा, मुलांनीच डाख देऊन जोडला. तो क्षण बघा, श्वास धरून बसलेत.

(दृश्य: नोंदींचा पडदा, तारखांची रांग.)

तीन आठवड्यांच्या या नोंदी. राउटर ठीक, बाहेरची लाईन दोनदा सोडली तर ठीक, आणि नव्या इमारतीतला स्विच अकरा वेळा डाऊन. त्याच्या अडॅप्टरचं सॉकेट खिळखिळं होतं. शेजारी कोणी मोबाइल चार्जर लावला की वीज तुटायची. सॉकेट बदललं, ग्रंथालयातून येणारे निरोप थांबले.

(दृश्य: नवी इमारत. शिपाई मामा स्विचसमोर उभे. पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात संगणक कक्ष.)

शेवटची चाचणी. बाई फोनवर सांगताहेत, "मामा, काढा आता." मामांनी मैदानावरून आलेली केबल उपसली.

इकडे पडद्यावर एक ओळ लाल झाली. दिवा अजून लागलेला नाही. एका हाकेला ओ आली नाही म्हणून गाव गोळा करायचा नाही, असं आम्ही ठरवलंय. मिनिटामिनिटाने तीन हाका. दुसरी झाली. मुलं घड्याळाकडे बघताहेत.

तिसरी. शिक्षक-खोलीतला दिवा लागला. पडद्यावर स्विचपुढे डाऊन, आणि खालच्या चौघांपुढे अनरीचेबल.

"मामा, लावा."

(दृश्य: केबल खटकन बसते. स्विचवरचे दिवे एकेक करून लुकलुकू लागतात. पडद्यावरच्या ओळी हिरव्या होतात. निवेदन नाही, मुलांचा आवाज.)