फोटो आपला, भानगड दुसऱ्याची

सकाळचे साडेपाच. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं एसटी स्टँड. पेपरचे गठ्ठे उतरलेत, पोरं खाली बसून पेपरात पुरवण्या घालतायत आणि चहावाल्याचं पहिलं आधण अजून उकळतंय. असाच एक पेपर दोन वर्षांपूर्वी इथल्या एका शेतकऱ्याच्या हातात पडला. बातमी बोगस पीकविम्याची, फोटो मात्र ह्यांचा. आडनाव एकच, गाव शेजारचं, झालं.

ते म्हणतात, "दुपारपर्यंत सोयऱ्याधायऱ्याचे फोन. लै बेज्जती झाली बगा."

ते तालुक्याच्या वार्ताहराकडं गेले. तो तरी काय करणार, त्याला मानधन नावापुरतं, उलट दिवाळीला जाहिराती आणायचं टार्गेट डोक्यावर. आठवड्यानं आतल्या पानावर तीन ओळींचा खुलासा आला, तोही टेंडर नोटिशीच्या खाली. फोटो पहिल्या पानावर होता, हे सांगायलाच नको.

आता, दाद मागायला जागा आहे का? आहे, दिल्लीत. प्रेस कौन्सिल, १९६६ पासून, आणि पहिले अध्यक्ष आपले मराठीच, न्यायमूर्ती मुधोळकर. आणीबाणीत सरकारनं ती गुंडाळली, १९७९ ला परत आली. अध्यक्ष सोडून २८ मेंबर, त्यातले २० पेपरवालेच, म्हणजे पंचायत भावकीचीच म्हणा ना. कल्पना अशी की पेपरचा कान सरकारनं धरू नये, पेपरवाल्यांनीच धरावा.

पण दंड नाही, जेल नाही. समज देता येते, ताशेरे मारता येतात, फार तर चौकशीची माहिती छापा असं पेपरला सांगता येतं. टीव्ही तर तिच्या कक्षेतच येत नाही.

तक्रारीला फी लागत नाही, वकीलही लागत नाही. आधी संपादकाला लेखी पत्र द्यायचं, त्याची कॉपी, बातमीचं कात्रण आणि प्रकरण कोर्टात चालू नाही असं लिहून दिलेलं, एवढं सगळं जोडून पाठवायचं. दैनिक असेल तर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत. ही मुदत ह्यांना कोणीच सांगितली नाही, वार्ताहराला तरी माहीत होती का देव जाणे, आणि ते दोन महिने तर सोयाबीनच्या काढणीतच गेले.

कात्रण अजून आहे. सातबारा आणि विम्याच्या पावत्यांच्या फाईलीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलंय. बँकेत कोणी काही विचारलं तर आधी खुलासा दाखवतात. त्या तीन ओळी.