येरवड्यातले २७० चौरस फूट

(जुनं छायाचित्र. नंतर तीच गल्ली, आजची.)

हे छायाचित्र येरवड्याच्या वस्तीत कच्ची घरं पक्की करण्याचं काम सुरू होण्याआधीचं. डावीकडे पत्र्याची खोली. तिला चिकटून विटांचं, रंग दिलेलं, कठड्याचं घर. पलीकडे पुन्हा पत्रा. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या वस्तीत हेच दिसतं. एकाच्या हाताशी पैसा आला की त्याचं घर पक्कं होतं, शेजारच्याचं राहून जातं.

झोपडपट्टी पुनर्वसन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सपाट मैदान येतं आणि शेजारी उभा टॉवर. येरवड्यात तसं झालं नाही. केंद्राच्या नागरी नूतनीकरण अभियानात, म्हणजे २००५ साली सुरू झालेल्या जेएनएनयूआरएममध्ये, शहरी गरिबांच्या घरांसाठी पैसा होता. त्यातून ठरलं ते असं: कच्ची घरं तेवढी उतरवायची आणि त्याच जागी पक्की बांधायची. पक्क्या घराला हात लावायचा नाही. घर साधारण २७० चौरस फुटांचं, खर्च सुमारे तीन लाख, त्यातला दहावा हिस्सा कुटुंबाने भरायचा. निम्मा पैसा केंद्राचा, उरलेला राज्याचा आणि महापालिकेचा.

कागदावर चार ओळी. पण नकाशा काढणार कोण?

(ड्रॉइंग बोर्ड. मोजपट्टी.)

पुण्याचे वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांच्याकडे हे काम आलं. एक इमारत काढली आणि तिच्या शंभर प्रती छापल्या, असं इथे चालत नाही. प्रत्येक जागेचा आकार वेगळा. एक चौकोनी, एक बोळासारखी लांब, एक कोपऱ्यात तिरकी कापलेली. सरकारी आकडा मात्र सगळ्यांना एकच, २७०. जागा दीडशे फुटांची असेल तर घर दुमजली होणार, शंभराची असेल तर तिमजली. म्हणजे जिना आलाच. आणि एवढ्याशा घरात जिना किती जागा खातो हे घरातल्या बाईला वास्तुरचनाकाराइतकंच कळतं.

म्हणून बायकांशी बोलणं हा इथे कामाचा भागच होता. स्पार्क ही संस्था आणि महिला मिलनचे बचत गट आधीपासून वस्त्यांत काम करत होते. ऐंशीच्या दशकात मुंबईत, भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांबरोबर महिला मिलनची सुरुवात झाली. घराचा खऱ्या मापाचा नमुना कापड आणि लाकडाने उभा करून लोकांना त्यात फिरवायचं, ही रीत त्यांचीच. नकाशावरची ‘मोरी’ बोटाएवढी दिसते. नमुन्यात उभं राहिलं की कळतं, बादली ठेवल्यावर पाय कुठे ठेवायचा.

(तीन घरं, एकामागोमाग.)

येरवड्यातल्या नेताजीनगर या वस्तीसाठी फिलिपे बालेस्त्रा आणि सारा योरानसन या परदेशी वास्तुरचनाकार जोडीने आराखड्यात भाग घेतला. त्यांचे घरांचे तीन प्रकार समजून घ्यायला सोपे आहेत. पहिलं घर दुमजली, पण पाया आणि खांब तीन मजल्यांचे. दुसरं खांबांवर उचललेलं, खाली मोकळं. तिथे हातगाडी लावा, नाहीतर दुकान काढा. तिसऱ्यात मधला मजला रिकामा. आज तिथे पापड वाळवा, पोराचं लग्न ठरलं की भिंती घाला. घर वाढणार हे धरूनच ते बांधायचं. खरं तर वस्तीतला माणूस हे पूर्वीपासून करतोच. फरक इतकाच की इथे खांब आधी मोजले गेले.

पर्यावरणपूरक घर दाखवायचं तर गच्चीवरचे सौर पॅनेल कॅमेऱ्याला बरे पडतात. आम्हाला इथे तसं काही मिळालं नाही. इथली काटकसर न केलेल्या गोष्टींत आहे, आणि ती चित्रित करणं अवघड. न पाडलेलं पक्कं घर म्हणजे वाचलेल्या विटा, वाचलेलं सिमेंट. तिमजली घराला लिफ्ट लागत नाही. टॉवरमध्ये गेलेल्या कुटुंबाला लिफ्टची वीज, पंपाची वीज, जिन्यातले दिवे यांची वर्गणी महिन्याच्या महिन्याला भरावी लागते. घर फुकट मिळतं आणि ते चालवणं परवडत नाही. आमच्या मते हिशोब इथून सुरू व्हायला हवा. तो तिथून होत नाही.

पत्र्याखाली पुण्यातला एप्रिल कसा जातो, हे वेगळं सांगायला नको. डोक्यावर पत्र्याऐवजी स्लॅब, त्यावर आणखी एक खोली. ऊन वरची खोली झेलते, खालचीत दुपारी झोप लागते.

(एक बाई जिन्यावर बसून लसूण सोलते. निवेदन नाही.)

काम चालू असताना भाड्याची खोली शोधणं, वाट बघत राहणं, हे कुटुंबांच्याच वाट्याला आलं. ज्यांचं घर आधीच पक्कं धरलं गेलं, त्यांना काही मिळालं नाही. पुढे अभियानच संपलं आणि २०१५ पासून प्रधानमंत्री आवास योजना आली.

(गच्ची. संध्याकाळ.)

ही वरची गच्ची. स्लॅबमधून सळया तशाच वर आलेल्या आहेत, पुढच्या मजल्यासाठी. त्या गंजू नयेत म्हणून कुणीतरी प्रत्येक सळीवर प्लास्टिकची बाटली उलटी घातली आहे. मधल्या दोन सळयांना दोरी बांधली आहे. दोरीवर शाळेचा गणवेश वाळतो आहे.