मांगाचं पान कोण आवरतं?

नमस्कार मंडळी. आज जपानी कॉमिक्सबद्दल, म्हणजे मांगाबद्दल बोलूया. डोरेमॉन आणि शिनचान बघत मोठी झालेली पोरं आता मोबाइलवर मांगा वाचतात, आणि त्यांच्याशी जरा गप्पा मारल्यात की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते, अमेरिकन कॉमिक्सची त्या पॉलिटिकल करेक्टनेसने, म्हणजे कुणालाच दुखवायचं नाही ह्या हट्टाने, वाट लावली हो, जपानमध्ये बरंय, तिथे वाटेल ते काढता येतं, कुणी विचारत नाही. आता जपानच्या राज्यघटनेच्या २१व्या कलमात सेन्सॉरशिप चालणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे हे खरं, पण कुणी विचारत नाही हे मात्र साफ खोटं. विचारणारे ढिगाने आहेत, आणि गंमत अशी की ते सगळे एका बाजूचे नाहीत.

सुरुवात ओसामु तेझुकांपासून करू, कारण मांगाचा देव म्हणतात त्यांना. तेझुका हॉलिवूडची कार्टून्स बघून चित्रं शिकलेले, आणि त्या जुन्या कार्टून्समध्ये आफ्रिकन माणूस म्हटलं की जाड ओठ, बटबटीत डोळे, कमरेला गवताचा घागरा, हे ठरलेलंच. तेच सगळं तेझुकांच्या सुरुवातीच्या कामात उतरलं, त्यांच्या त्या प्रसिद्ध पांढऱ्या सिंहाच्या गोष्टीतसुद्धा. तर १९९० साली ओसाकाजवळच्या साकाई शहरातल्या एका अगदी छोट्या, घरगुती म्हणता येईल अशा संघटनेने पब्लिशर लोकांना पत्रं लिहायला सुरुवात केली की ही चित्रं कृष्णवर्णीयांचा अपमान करतात. मोर्चा नाही, कोर्ट नाही, नुसती पत्रं. आणि तेझुकांच्या समग्र साहित्याची विक्री चक्क काही काळ थांबली!

आता अडचण काय झाली बघा, तेझुका फेब्रुवारी १९८९ मध्येच गेले होते. हा माणूस जिवंत असता तर कदाचित त्यानेच बसून पानं बदलली असती, कारण नवीन आवृत्ती निघाली की जुनी चित्रं परत काढायची त्यांना खोडच होती. पण आता बदलणार कोण? शेवटी चित्रांना हात लावायचा नाही असं ठरलं आणि पुस्तकात एक निवेदन छापलं, की ही चित्रं त्या काळातली आहेत, आज ती अनेकांना खुपतील, लेखक हयात नाहीत म्हणून आम्ही दुसऱ्याच्या हातून ती बदलून घेत नाही, आणि भेदभाव कसा होता हे समजायलाही ती तशीच राहिलेली बरी. मला विचाराल तर ह्या सगळ्या विषयात जपान्यांनी केलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम. तक्रार ऐकली पण पान फाडलं नाही.

दुसऱ्या एका पुस्तकाच्या नशिबी हे शहाणपण आलं नाही. 'बेअरफुट गेन' ठाऊक असेल काहींना, हिंदीतही आलंय. केइजी नाकाझावांनी लिहिलेलं आणि काढलेलं. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा हे सहा वर्षांचे होते, वडील, बहीण आणि धाकटा भाऊ त्या दिवशी गेले, आणि तेच सगळं त्यांनी गेन नावाच्या पोराच्या गोष्टीत आणलं. १९७३ मध्ये ते 'शोनेन जंप'मध्ये सुरू झालं, म्हणजे आज ज्यात मारामारीचे सुपरहिट मांगा येतात ना त्याच साप्ताहिकात. पुढे ते तिथून निघालं आणि नंतरचे भाग डाव्यांच्या आणि शिक्षक संघटनेच्या मासिकांतून आले, आणि ह्या नंतरच्या भागांत नाकाझावांनी नुसत्या अमेरिकेवर नाही तर सम्राटावर आणि जपानी सैन्यावरही तोफ डागली, चीनमध्ये सैनिकांनी काय काय केलं त्याची भयंकर चित्रं आहेत त्यात, मोठ्या माणसालाही बघवत नाहीत.

तर मात्सुए नावाच्या शहरात एका नागरिकाने अर्ज केला की शाळांच्या लायब्ररीतून हे काढा. नगरपरिषदेने अर्ज फेटाळला, विषय संपला असं कुणालाही वाटेल. पण डिसेंबर २०१२ मध्ये तिथल्या शिक्षण मंडळाच्या कार्यालयाने मुख्याध्यापकांना सांगून टाकलं की पुस्तक उघड्या शेल्फवर ठेवू नका, आत ठेवा, शिक्षकाने परवानगी दिली तरच पोरांना द्या. त्याच महिन्यात नाकाझावा वारले. बाहेर कुणाला पत्ता नाही, ऑगस्ट २०१३ मध्ये बातमी फुटली, देशभर बोंबाबोंब झाली आणि २६ ऑगस्टला आदेश मागे घेतला. कारण काय दिलं असेल? पुस्तक चांगलं आहे म्हणून नाही, मुलांचा वाचायचा हक्क म्हणूनही नाही, तर मंडळाच्या सदस्यांना न विचारता निर्णय झाला, प्रोसिजर चुकली! सरकारी ऑफिस कुठलंही असो, भाषा एकच हो.

आणि २०२३ मध्ये खुद्द हिरोशिमा शहराच्या शिक्षण मंडळाने शाळेच्या शांती-शिक्षणाच्या पुस्तिकेतून गेन काढला. उपासमारीत गरोदर आईला खायला मिळावं म्हणून गेन कोणाच्या तरी तळ्यातला मासा चोरतो, तर म्हणे त्याने मुलांचा गैरसमज होईल. अरे, शहर जळून खाक झालं ते चालतं आणि मासा चोरला ते चालत नाही?

आता ही काही सगळीच पॉलिटिकल करेक्टनेसवाल्यांची कामं नाहीत, बरोबर ना? तेझुकांच्या वेळी वंशभेदाविरुद्धची मंडळी होती, गेनच्या वेळी सैन्याची बदनामी नको म्हणणारे होते. २००४ मध्ये 'यंग जंप'मध्ये हिरोशी मोतोमिया ह्या मोठ्या नावाने चीनमधल्या नानजिंगला जपानी सैन्याने केलेल्या हत्याकांडावर मालिका काढली तेव्हा नगरसेवकांनी निषेध केला, मालिका थांबली आणि पुस्तक आलं तेव्हा तो भाग बदललेला. उलट २०२० मध्ये 'माय हीरो अकॅडेमिया'मधल्या एका दुष्ट डॉक्टरचं नाव 'मारुता' ठेवलं, आणि युद्धात जपानच्या युनिट ७३१ ने ज्या माणसांवर जिवंतपणी प्रयोग केले त्यांना हाच शब्द वापरत, मग चीन-कोरियाचे वाचक भडकले, चिनी ॲप्सवरून मांगाच गायब झाला आणि नाव बदललं. ते बदललं ते बरंच झालं असं मी म्हणेन, पण मग मोतोमियांचा बदललेला भागही बरंच झालं का? नाही. एकाने जखमेवर चुकून पाय दिला होता, दुसरा जखम दाखवत होता, आणि ऑफिसमध्ये बसलेल्या एडिटरला दोन्ही फोन सारखेच वाजतात, तिथे खरा घोळ आहे.

२०१४ मध्ये 'ओइशिन्बो' ह्या खाण्यापिण्यावरच्या जुन्या मांगाचा हीरो अणुभट्टीचा अपघात झालेल्या फुकुशिमाहून येतो आणि त्याच्या नाकातून रक्त येतं असं दाखवलं, तेव्हाही प्रांताच्या सरकारपासून पंतप्रधान आबेंपर्यंत सगळे बोलले. तिथे मला सरकारची बाजू थोडी कळते, कारण तिथले शेतकरी आधीच मेटाकुटीला आलेले होते आणि रेडिएशनने नाकातून रक्त हा दावा डॉक्टर मंडळींना मान्य नव्हता. पण मासिकाने त्याच अंकांत विरोधकांची मतंही छापली, ही पद्धत बरी. मालिका मात्र तेव्हा थांबली ती थांबलीच.

सरकारने स्वतः कायदा करायला घेतला ते २०१० मध्ये, टोकियोत. गव्हर्नर शिंतारो इशिहारा. लैंगिक चित्रं असलेले मांगा १८ वर्षांखालच्यांना विकू नयेत म्हणून नियम कडक करायचे, आणि पहिल्या मसुद्यात तर 'प्रत्यक्षात नसलेली अल्पवयीन मुलं' असा प्रकारच तयार केलेला, म्हणजे कागदावरच्या पात्राचं वय तपासायचं. तेत्सुया चिबा, गो नागाई, माचिको सातोनाका अशी ज्येष्ठ मंडळी विरोधात उभी राहिली, जूनमध्ये विधेयक पडलं, डिसेंबरमध्ये शब्द बदलून पास झालं. दहा पब्लिशरनी टोकियोच्या ॲनिमे मेळ्यावर बहिष्कार टाकला, कारण त्या मेळ्याच्या कमिटीवर इशिहाराच प्रमुख, पण मार्च २०११ च्या भूकंपामुळे मेळाच झाला नाही. नियम फक्त काढलेल्या चित्रांना, कादंबरीला नाही. आणि हे इशिहारा स्वतः कादंबरीकार, पन्नासच्या दशकात त्यांच्याच पहिल्या गाजलेल्या कादंबरीवर अश्लील म्हणून केवढी टीका झाली होती!

बायकांच्या चित्रांवरून वाद होतात ते वेगळे. २०१९ मध्ये रेडक्रॉसने रक्तदानासाठी 'उझाकी-चान' ह्या मांगाचं पोस्टर लावलं, त्यातल्या मुलीच्या छातीवरून महिनाभर जुंपली होती ऑनलाइन. लगेच सगळे ओरडले, स्वातंत्र्यावर घाला! कसला घाला? मांगा दुकानात होताच, कोणी बंद केला नव्हता, प्रश्न रक्तदानाच्या पोस्टरचा होता. एखाद्या बाईने 'हे मला आवडलं नाही' म्हणणं आणि मात्सुएच्या ऑफिसने पुस्तक आत ठेवायला सांगणं, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि स्वातंत्र्यवाले चाहते बरेचदा पहिल्यावर तुटून पडतात आणि दुसऱ्यावर गप्प बसतात.

२०२२ मध्ये केन आकामात्सु हा मांगा काढणारा माणूस चित्रस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर संसदेत निवडून आला, सत्ताधारी पक्षाच्या यादीत सगळ्यात जास्त मतं त्याला, पाच लाख अठ्ठावीस हजारांवर. आणि त्यानेच सुरू केलेली, बाजारात न मिळणारे जुने मांगा वाचायला देणारी 'मांगा लायब्ररी झेड' ही साइट नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद करायची वेळ आली, कारण पेमेंटची सोय पुरवणाऱ्यांनी हात वर केले. कुठला कायदा मोडला नव्हता, कोर्टाचा आदेश नव्हता, पैसेच येणार नाहीत म्हटल्यावर साइट चालवणार कशी? आता बोला, ह्यावर कोणत्या सभागृहात मत द्यायचं?

बरं, वेळ संपत आली. पुढच्या वेळी भेटूच, नमस्कार.